अंगणातील भाजीबाग आणि मुलाचा वाफा

वऱ्हाडातील शेतकरी कुटुंबाच्या ताटात पूर्वी जी पालेभाजी येत असे, तिच्यातील बराचसा भाग शेतातूनच, आणि तोही विनामूल्य येत असे. ज्वारी व कपाशीच्या पिकात किंवा धुऱ्याच्या कडेने अंबाडीची तासे असत. तुरीच्या संगतीने चवळी, बरबटी असे. पावसाळ्यात निंदणास गेलेल्या बाया घरी परतताना तरोटा, कुंजर, चिवळ, घोळ यांपैकी जे हाती लागेल ते ओटीत घेऊन येत. या भाज्यांसाठी वेगळी मशागत नव्हती आणि वेगळा खर्चही नव्हता. ज्वारीच्या कण्या घालून शिजविलेली अंबाडी हे गरिबाघरचेही अन्न होते व सधनाच्या पंक्तीतही ते आवडीने वाढले जात असे.

गेल्या काही दशकांत हे चित्र पालटले. ज्वारीचे क्षेत्र आटले व तिची जागा सोयाबीनने घेतली. सन २००२ मध्ये बीटी कापसाच्या लागवडीस देशात परवानगी मिळाल्यानंतर कपाशीची शेतीही नव्या वळणाला लागली. आंतरपिके कमी झाली, तणनाशकांचा वापर वाढला, आणि ज्यांना तण म्हणून मारण्यात आले त्यांत पुष्कळशा खाण्याच्या भाज्याही होत्या. आज अमरावती व अकोला जिल्ह्यांतील अनेक शेतकरी कुटुंबे आठवडी बाजारातून भाजी आणतात. बाजाराच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर हिरवा पाला ताटातून नाहीसा होतो. उरतात ते बटाटे, बेसन व डाळ. ज्या घरासमोर कपाशीचे हिरवेगार शेत उभे आहे, त्याच घरातील पाच वर्षांच्या मुलाला अंबाडीचे रोप ओळखता येत नाही, ही खेदाची गोष्ट होय.

शेतातून गेलेली ही भाजी अंगणात परत आणता येईल काय? निश्चित आणता येईल. मात्र हे काम केवळ घरधन्याने किंवा घरधनिणीने करून भागणार नाही. लागवडीत घरातील लहान मुलाचाही हात असला पाहिजे. ज्या भाजीचे बी मुलाने स्वतः टोकले, ती भाजी ते कौतुकाने चाखून पाहते. आणि ज्या ओळखीची परंपरा शेतात तुटली, ती त्या मुलाच्या हातून पुढे चालू राहते.

किती जागा, किती भाजी

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद व हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात मोठ्या माणसाने रोज सुमारे ४०० ग्रॅम भाज्या व १०० ग्रॅम फळे खावीत, असे सुचविले आहे. लहान मुलांस याहून कमी लागते. चार-पाच माणसांच्या घराची सर्व गरज अंगणातून भागवावयाची तर एक ते दोन गुंठे जागा व बारमाही पाणी हवे. प्रत्येकास ते शक्य नाही. परंतु अर्धा गुंठा, किंबहुना दहा फूट लांब व दहा फूट रुंद एवढी जागा असली, तरी घरच्या पालेभाजीचा मोठा भाग तीत निघू शकतो. बटाटा-कांदा बाजारातून आणावा. जो पाला काही तासांत सुकतो व ज्याचे सत्त्व ताजेपणात असते, तो अंगणात पिकवावा. लहान बागेचे हेच सूत्र असावे.

जागा निवडताना सकाळचे ऊन मिळेल, मोरीचे किंवा न्हाणीचे पाणी नेता येईल आणि स्वयंपाकघराच्या दारातून बाग दिसेल, या तीन गोष्टी पाहाव्यात. दारातून दिसणाऱ्या बागेकडे येता-जाता लक्ष जाते व तेथे काम करणाऱ्या मुलावर नजरही राहते. वऱ्हाडात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या वर चढतो. म्हणून बागेच्या पश्चिम अंगास शेवगा (मुंगना), हादगा (हेटा) किंवा गोडनिंब लावावा, म्हणजे दुपारनंतरच्या उन्हापासून वाफ्यांना आडोसा मिळेल. शेवगा तीन-चार फुटांवर छाटून ठेवल्यास त्याला फांद्या फुटतात व त्याचा पाला मुलाच्याही हाताशी येतो. पीकेएम-१ या जातीच्या शेवग्यास लागवडीपासून सहा ते आठ महिन्यांत शेंगा धरू लागतात.

काळ्या भारी जमिनीचा स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे. पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते व मुळे गुदमरतात. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. म्हणून सपाट वाफ्याऐवजी सहा ते नऊ इंच उंचीचा गादीवाफा करावा, त्यात चांगले कुजलेले शेणखत मिसळावे, आणि पाऊस संपताच सोयाबीनचे किंवा तुरीचे कुटार दोन इंच जाडीने पसरून आच्छादन करावे. ओल्या चिकणमातीत पाय देऊन काम करू नये. माती घट्ट बसते व पुढे ढेकळे फुटत नाहीत. कोंबड्या व शेळ्यांपासून रक्षणासाठी तुराट्यांचे कुंपण उत्तम. पऱ्हाट्या मात्र वापरू नयेत, कारण त्यांवर राहिलेल्या न फुटलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते.

मुलाचा वाफा

बागेच्या एका कडेला मुलाचा स्वतंत्र वाफा आखावा. त्याची रुंदी अडीच फुटांहून अधिक नसावी. चार-पाच वर्षांच्या मुलाचा हात साधारणतः सव्वा फुटापर्यंत पोहोचतो. त्यामुळे दोन्ही बाजूंनी बसून ते वाफ्यात पाय न देता मध्यापर्यंत काम करू शकते. लांबी चार फूट पुरे. या वाफ्याची जागा बागेतील उत्तम असावी. सावलीचा, खडकाळ, कोणास नको असलेला तुकडा मुलास दिला तर त्यात काही उगवणार नाही आणि मुलाचा उत्साह पहिल्याच महिन्यात मावळेल.

मुलांना हाताच्या कामातून शिकविण्याचा विचार वऱ्हाडाला नवा नाही. शेजारच्या वर्धा येथे १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेतून महात्मा गांधींची नई तालीम पुढे आली व सेवाग्रामच्या शाळेत बागकाम, सफाई व स्वयंपाक ही शिक्षणाचीच अंगे मानली गेली. बालशिक्षणाच्या अध्वर्यू ताराबाई मोडक काही वर्षे अमरावतीस राहिल्या होत्या. पुढे त्यांनी व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे, आणि नंतर कोसबाड येथे, मुलांच्या घराजवळ, अंगणातच शिक्षण नेण्याचे कार्य केले. ‘अंगणवाडी’ हा आज घरोघरी रुळलेला शब्द त्याच विचारातून आला आहे. अंगणातील मातीत मुलाने शिकावे, हा त्यातील आशय परसबागेत अक्षरशः उतरतो.

काम वयाप्रमाणे द्यावे. दोन-तीन वर्षांचे मूल मोठ्या माणसाजवळ बसून बोटाने केलेल्या भोकात चवळीचे किंवा भोपळ्याचे बी टाकू शकते. चार-पाच वर्षांच्या मुलाकडे पाणी घालण्याचे काम द्यावे. डब्याच्या बुडाला बारीक छिद्रे पाडून त्याची झारी करावी व कडा ठोकून बोथट कराव्यात. तांब्याने एकदम ओतलेल्या पाण्याने बी उघडे पडते. सहा-सात वर्षांचे मूल निंदण, विरळणी व किडी वेचणे करू शकते. कोणते बी कोणत्या दिवशी पेरले व कधी उगवले, हे भिंतीवर खडूने लिहून ठेवण्यास त्याला सांगावे. त्यात अक्षर, अंक व दिनदर्शिका तिन्हींचा अभ्यास होतो. मुलाकडून काम एका वेळी पंधरा-वीस मिनिटेच घ्यावे, सकाळी किंवा सायंकाळी. उन्हाळ्यात दुपारी नव्हे. मुलाने रोप चुकून उपटले तर रागावू नये. उपटलेल्या रोपाची मुळे त्याला दाखवावीत व त्या जागी दुसरे बी टोकण्यास द्यावे.

मुलाच्या हाती कोणते बी द्यावे

लहान मुलाला फार काळ वाट पाहणे जमत नाही. म्हणून पहिली पेरणी लवकर उगवणाऱ्या बियांची करावी. मूग दोन-तीन दिवसांत, मेथी व मुळा तीन ते पाच दिवसांत, चवळी चार ते सहा दिवसांत वर येते. मेथी तीन-चार आठवड्यांत कापणीस येते. याउलट सांबार, म्हणजे कोथिंबीर, उगवण्यास आठ ते बारा दिवस घेते. धने पाटीवर हलके रगडून त्यांचे दोन भाग करावेत व रात्रभर पाण्यात भिजवून पेरावेत; उगवण बरी होते. धने रगडण्याचे काम मुलांना विशेष आवडते.

येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. पाकिटातून मिळणारे पुष्कळसे बियाणे गुलाबी, लाल वा हिरव्या रंगाने माखलेले असते. तो रंग बुरशीनाशक किंवा कीटकनाशक औषध लावल्याची खूण होय. असे बी मुलाच्या हाती मुळीच देऊ नये. ते मोठ्यांनी हातमोजे घालून पेरावे व उरलेले कुलपात ठेवावे. मुलाच्या वाफ्यासाठी घरचे किंवा प्रक्रिया न केलेले बी घ्यावे. अगदी लहान मुले मूग-वाटाण्यासारखे दाणे नाकाकानात घालतात, म्हणून पेरणी नेहमी मोठ्या माणसाच्या देखत व्हावी.

संकरित वाणाचे बी पुढील वर्षी मूळ गुणाचे निपजत नाही. घरचे बी राखावयाचे असेल तर सुधारित सरळ वाण निवडावे. भेंडीत परभणी क्रांती, गवारीत पुसा नवबहार ही अशा वाणांची उदाहरणे आहेत. स्थानिक अंबाडी, चवळी, वाल, दोडका यांचे बी जुन्या जाणत्या बायांकडे अद्यापि मिळते. बियाण्यासंबंधी सल्ला अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात, तसेच अमरावती जिल्ह्यात घातखेड व दुर्गापूर (बडनेरा) येथील कृषी विज्ञान केंद्रांत घ्यावा. १९५२ ते १९६२ या काळात देशाचे कृषिमंत्री राहिलेले पंजाबराव हे अमरावती जिल्ह्यातील पापळ गावचे शेतकरीपुत्र. त्यांचे नाव १९६९ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठास दिले आहे.

हंगामाप्रमाणे लागवड

मृगाचा चांगला पाऊस होऊन जमीन ओली झाली की अंबाडी, भेंडी, गवार व चवळी पेरावी. दोडका, कारले, काकडी व कोहळे यांचे वेल कुंपणावर किंवा मांडवावर चढवावेत. वांगी, भेदरे (टमाटे) व मिरची यांची रोपे वेगळ्या लहान वाफ्यात तयार करावीत.

नवरात्र-दिवाळीच्या सुमारास पाऊस ओसरला की पालेभाज्यांचा खरा हंगाम सुरू होतो. मेथी, पालक, सांबार, शेपू, आंबट चुका, मुळा व गाजर या काळात उत्तम येतात. सर्व बी एकाच दिवशी पेरण्याची चूक बहुतेक घरी होते. मग पंधरा दिवस भाजी खाऊन संपत नाही व नंतर महिनाभर मिळत नाही. वाफ्याचे चार भाग करून दर आठ-दहा दिवसांनी एकेका भागात पेरावे, म्हणजे कापणी सतत चालू राहते.

फेब्रुवारीपासून तांदुळजा, घोळ व काकडी घ्यावी. एप्रिल-मे महिन्यांत पाणी अपुरे असल्यास बाग वाढविण्याचा अट्टहास करू नये. शेवगा, गोडनिंब व मोरीच्या पाण्यावरील पुदिना एवढे जगविले तरी ताटातील हिरवा पाला अगदीच खंडित होत नाही. एकाच वाफ्यात तेच पीक पुन्हा घेऊ नये. वांगी-भेदऱ्यांनंतर मेथी किंवा चवळी अशी फेरपालट ठेवावी.

खारपाणपट्ट्यातील बाग

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याचा प्रश्न निराळा आहे. अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर, दर्यापूर व अंजनगाव सुर्जी या तालुक्यांतील अनेक गावांत भूगर्भातील पाणी खारट आहे. ते वारंवार दिल्याने जमिनीवर पांढरा थर येतो व माती घट्ट होते. इतरत्र चुलीची राख वाफ्यात घालण्याची चाल आहे. परंतु राखेने जमिनीचा अल्कधर्म वाढतो, म्हणून या पट्ट्यात ती घालू नये. माती व पाणी तपासून घ्यावे आणि जिप्सम टाकणे ते त्या तपासणीच्या सल्ल्यानेच.

पिकांच्या निवडीतही भेद करावा. घेवडा, गाजर, कांदा व भेंडी ही पिके क्षारांना लवकर बळी पडतात. गवार, चवळी, घोळ, बीट व बीटाच्याच कुळातील आपला पालक त्यामानाने तग धरतात. शक्य तितका भर पावसाच्या पाण्यावर ठेवावा. घरावरील शंभर चौरस फूट टिनावर दहा मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे नव्वद लिटर पाणी पडते. थोडे वाया गेले तरी चार घागरी सहज भरतात. पन्हाळ लावून ते पिंपात साठवावे. पिंपास घट्ट झाकण असावे. त्याने डासांची पैदास थांबते व त्याहून महत्त्वाचे म्हणजे लहान मूल त्यात पडण्याचा धोका टळतो. भाजी व धान्य धुतलेले पाणी थेट वाफ्यास चालते. साबणाचे पाणी करदळीस किंवा केळीस द्यावे, पालेभाजीस देऊ नये.

औषधी व सुगंधी वनस्पती

चार-सहा औषधी झाडांवाचून घराची बाग पुरी होत नाही. तुळस, पानओवा, गवती चहा, पुदिना, आले व हळद यांस फारशी जागा लागत नाही. हळद शेवग्याच्या विरळ सावलीत चांगली येते. मृगापूर्वी लावलेले कंद माघाच्या सुमारास काढता येतात. अंजनगाव सुर्जी व अकोटच्या परिसरात पानमळ्यांच्या धर्तीवर पानपिंपळीची शेती फार दिवसांपासून होते, तेव्हा औषधी पिकांची जाण या भागास उपजतच आहे. मुलाने पान चुरगाळून वास घ्यावा व डोळे मिटून नाव सांगावे, हा खेळ घरोघरी खेळता येईल.

तथापि घरगुती उपचारास मर्यादा आहे. एक वर्षाच्या आतील बालकास कोणत्याही काढ्यातून मध देऊ नये. मुलास ताप असेल, धाप लागत असेल किंवा ते खातपीत नसेल, तर काढा करीत न बसता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. तसेच कण्हेर, धोतरा, एरंड व गुंज ही विषारी झाडे मुलाच्या बागेत नसावीत. ती कुंपणापलीकडे असल्यास मुलास बोट दाखवून ओळखवून द्यावीत. धोतऱ्याची कोवळी रोपे पालेभाजीत मिसळू नयेत म्हणून भाजी निवडताना मोठ्यांनी एकवार पाहून घ्यावे.

फवारणीचा पंप बागेपासून दूर

वऱ्हाडातील परसबागेस किडीपेक्षाही मोठा धोका फवारणीच्या औषधाचा आहे. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. जे औषध धडधाकट माणसास असे बाधते, ते लहान मुलास किती घातक ठरेल हे सांगणे नलगे. कपाशीचा पंप, मापे व औषधाचे रिकामे डबे बागेत कधीही आणू नयेत. डबा कितीही धुतला तरी त्याची झारी वा कुंडी करू नये. घर शेतालगत असेल तर वाऱ्याने औषध वाफ्यावर येणार नाही अशा बाजूस बाग ठेवावी व शेतात फवारणी चालू असताना मुलास घरात घ्यावे. ज्या शेतात तणनाशक किंवा कीटकनाशक मारले आहे तेथील रानभाजी खुडून आणू नये. तीच तांदुळजा-चिवळ अंगणात वाढवावी.

बागेतील किडीस साधे उपाय पुरतात. मावा पाण्याने धुऊन काढावा. अळ्या वेचाव्यात, मुलांची दृष्टी तीक्ष्ण असते व हे काम ती चढाओढीने करतात, मात्र केसाळ अळीस हात न लावण्याची सूचना द्यावी. किडींचा जोर वाढल्यास पन्नास ग्रॅम निंबोळीची भुकटी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, मोठ्या माणसाने सायंकाळी फवारावी. बागेत जाताना पायांत चपला असाव्यात, नखे कापलेली असावीत व काम संपताच साबणाने हात धुवावेत. मातीतील जंत अनवाणी पायांतून व नखांतून शरीरात शिरतात. ताजे शेण भाजीस घालू नये. धनुर्वाताची लस मुलास वेळेवर टोचून घ्यावी.

वाफ्यापासून ताटापर्यंत

पहिली कापणी मुलाच्या हाताने व्हावी आणि ती त्याच दिवशी शिजावी. भाजी चिरण्यापूर्वी धुवावी, चिरल्यावर धुऊ नये. झाकण ठेवून थोडक्या पाण्यात शिजवावी. पालेभाजीतील लोह शरीरात नीट शोषले जाण्यास आंबट पदार्थाची मदत होते, म्हणून ताटात लिंबाची फोड असावी. शेवग्याच्या पाल्यातील व कोहळ्यातील ‘अ’ जीवनसत्त्वाचा लाभ होण्यास थोडे तेल आवश्यक असते. मुंगन्याच्या पाल्याचा झुणका या दृष्टीने उत्तम. मुलाने पहिल्या दिवशी एकच घास खाल्ला तरी आग्रह करू नये. वाफा त्याचा आहे, ते पुन्हा खुडील व पुन्हा चाखील.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस सूचना

शालेय पोषण बागांविषयी केंद्र शासनाने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. अंगणवाड्यांतून व महिला बचत गटांतूनही परसबागांचा प्रसार होत आला आहे. परंतु बियाण्याची पाकिटे वाटली म्हणजे बागा झाल्या, असे मानणे योग्य नव्हे. पावसाच्या भरात उगवलेली बाग दिवाळीनंतर पाण्याअभावी मोडते व पुढील वर्षी पुन्हा नवे पाकीट द्यावे लागते. म्हणून गावात एकदम पन्नास घरे घेण्याऐवजी प्रथम पाच घरे घ्यावीत. प्रत्येक घरात लहान मूल असावे व सांडपाण्याची सोय आधी पाहावी. पेरणीनंतर आठव्या दिवशी, तिसऱ्या आठवड्यात व पहिल्या कापणीस, अशा तीन भेटी अवश्य द्याव्यात. नोंद ठेवताना किती पाकिटे दिली याऐवजी त्या घरी किती आठवडे अंगणातील भाजी शिजली, हे लिहावे. मेळघाटातील धारणी व चिखलदरा तालुक्यांत कोरकू कुटुंबांना रानभाज्यांची जाण मोठी आहे. तेथे बाहेरचे बी नेण्यापूर्वी त्यांच्या घरच्या भाज्या कोणत्या, हे विचारून घ्यावे.

हंगामाच्या शेवटी अंबाडीची दोन व चवळीची दोन उत्तम झाडे न खुडता बियांसाठी राखावीत. बी सुकवून, कोरड्या बाटलीत कडुनिंबाची वाळलेली पाने घालून, वर मुलाचे नाव व वर्ष लिहून ठेवावे. त्यातील मूठभर बी शेजारच्या मुलास देण्यास त्याला सांगावे. ज्या गावात दुसऱ्या वर्षीची पेरणी अशा बाटलीतील बियाण्याने होते, तेथे परसबागेने मूळ धरले असे समजावे.